संबोधनाचा प्रश्न : शिमग्याचे नमन आणि त्याचे ध्वनिमुद्रण

१

लोकगीतांच्या ध्वनिमुद्रणाविषयी बोलताना अभ्यासक सामान्यतः दोनपैकी एक भूमिका घेतात. पहिली भूमिका संरक्षणाची आहे. परंपरा लोप पावत आहे, तेव्हा ती फितीवर उतरवून ठेवली पाहिजे, असे ती मानते. दुसरी भूमिका हानीची आहे. मुद्रित झालेले गीत हे लोकगीत उरतच नाही, कारण प्रयोगाचे जिवंतपण यंत्रात येत नाही, असे तिचे म्हणणे असते. या भूमिका परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. गीत ही एक वस्तू आहे आणि ती एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येते, हे दोघींनाही मान्य आहे. वाटेत वस्तू शाबूत राहते की मोडते, एवढ्यापुरताच त्यांचा वाद आहे.

प्रस्तुत लेखात हे गृहीतकच तपासावयाचे आहे. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील, विशेषतः संगमेश्वर तालुक्यातील, नमन हा प्रकार निवडला आहे. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमेश्वर आणि देवरूखपासून वरच्या सह्याद्रीपायथ्यापर्यंतचा मुलूख हे नमन-खेळ्यांचे एक प्रमुख क्षेत्र आहे. मृदंग आणि टाळ एवढ्या सामग्रीवर उभा राहणारा हा प्रकार ध्वनिफितींच्या काळात मुद्रित झाला, विकला गेला आणि मुंबईतील चाळींतून ऐकला गेला. अशा मुद्रणांविषयी बोलताना 'श्रद्धा' आणि 'नवचैतन्य' ही त्यांची आशयसूत्रे म्हणून सांगितली जातात. विद्यापीठीय प्रबंधांतही नमनाच्या संहिता उतरवून घेऊन त्याखाली याच दोन शीर्षकांची प्रकरणे लिहिण्याचा प्रघात आहे. या लेखाचा मुद्दा असा की नमनात श्रद्धा हे आशयसूत्र नसून ते संबोधन आहे, आणि नवीकरण हा संदेश नसून ती त्या संबोधनाची रीत आहे. हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज ध्वनिमुद्रणाने काय राखले आणि काय गाळले, याचा निवाडा करता येणार नाही.

२

नमनाचा प्रयोग शिमग्याशी बांधलेला आहे. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून कोकणात शिमग्याला आरंभ होतो. पुढे गावागावांच्या रिवाजाप्रमाणे तेरसे शिमगे आणि भद्रेचे शिमगे असा भेद पडतो. ग्रामदेवतेची रूपे लागतात, पालखी सहाणेवर येते, होम होतो आणि नंतर पालखी घरोघर फिरते. ज्या घरासमोर पालखी येते त्या घरची स्त्री देवीची ओटी भरते, गाऱ्हाणे घातले जाते आणि पालखी पुढच्या घरी निघते. याच दिवसांत खेळेही गावोगाव हिंडतात आणि घरापुढच्या खळ्यात किंवा देवळापुढच्या मोकळ्या जागेत उभे राहून नमन सादर करतात.

प्रयोगाचा क्रम स्थूलमानाने ठरलेला असतो. आरंभी वंदन, मग गण, गवळण आणि अखेरीस वग. मधूनमधून सोंगे येतात. काळा वेष आणि उंच निमुळती टोपी घातलेला संकासूर हे त्यांतले सर्वांत परिचित सोंग होय. पण या प्रकाराला नाव मिळाले आहे ते आरंभीच्या वंदनावरून, हे लक्षणीय आहे. तमाशाला त्याच्या गणावरून किंवा दशावताराला त्याच्या आडदशावतारावरून कोणी ओळखत नाही. येथे मात्र संपूर्ण रात्रीच्या खेळाला त्याच्या पहिल्या कृतीचे नाव आहे. किंबहुना पुढचे सर्व काही त्या कृतीच्या छायेखाली चालते, असे परंपरेनेच सुचविले आहे.

या वंदनाची रचना याद्यांची असते. पहिले नमन कोणाला, दुसरे कोणाला, अशा क्रमाने धरणीपासून गणपतीपर्यंत आणि ग्रामदेवतेपासून जमलेल्या मंडळींपर्यंत नावे घेतली जातात. छापील संहितेत ही यादी कंटाळवाणी वाटते, म्हणून संकलक तिचा संक्षेप करतात. परंतु प्रयोगाच्या दृष्टीने यादी हाच गाभा आहे. देवरूखात खेळ असेल तर सोळजाईचे नाव आल्यावाचून तो उभा राहू शकत नाही. वाडी बदलली की देवता बदलते, देवतेबरोबर मानकरी बदलतात आणि नमनातील ती जागा नव्याने भरली जाते. म्हणजे नमनाच्या संहितेत काही जागा स्थिर असतात आणि काही जाणूनबुजून मोकळ्या ठेवलेल्या असतात.

आल्बर्ट लॉर्ड यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) या ग्रंथात मौखिक महाकाव्याच्या गायकाची रचनापद्धती उलगडून दाखविली. ठरीव पदबंधांच्या आधारे गायक प्रत्येक खेपेस काव्य नव्याने रचतो, हे त्यांचे प्रतिपादन आता सर्वपरिचित आहे. नमनालाही ते लागू पडते, पण एका दुरुस्तीसह. लॉर्ड यांच्या गायकाला ठरीव पदबंध वृत्त सांभाळण्यासाठी आणि कथा पुढे नेण्यासाठी लागतात. नमनातील ठरीव पदबंधाचे काम वेगळे आहे. तो समोर कोण आहे हे निश्चित करतो. जे. एल. ऑस्टिन यांनी वर्णनपर विधाने आणि कृतिरूप उच्चार यांत जो फरक केला, त्याच्या भाषेत सांगावयाचे तर नमन हे श्रद्धेचे वर्णन करीत नाही, ते वंदन पार पाडते. असा उच्चार खरा की खोटा असा प्रश्न संभवत नाही. तो योग्य जागी, योग्य व्यक्तीकडून, योग्य श्रोत्यासमोर झाला की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

३

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. साठ मिनिटांच्या ध्वनिफितीला तीस मिनिटांच्या दोन बाजू असतात. रात्रभर चालणाऱ्या खेळाला या मापात बसवावयाचे तर निवड करावी लागते. त्या निवडीत यादी आखडते, गवळण आणि वगातील चटकदार भाग वाढतो. हा बदल केवळ लांबीचा नाही. यादीतील मोकळ्या जागांचे काय करावयाचे, ही मुद्रणापुढील खरी अडचण असते. एका गावाच्या देवतेचे नाव घेतले तर फीत त्या गावापुरती उरते. सर्व गावांना चालेल असे नाव घेतले तर मोकळी जागा बुजते. व्यापारी मुद्रणाचा कल साहजिकच दुसऱ्या पर्यायाकडे असतो. गणपती, सरस्वती, पंढरीचा विठ्ठल अशी सार्वत्रिक दैवते पुढे येतात आणि सोळजाई, जाखमाता, वाघजाई, केदारलिंग ही नावे मागे पडतात.

येथे एक आक्षेप संभवतो. देवाला उद्देशून गाइलेली सर्वच गीते संबोधनपर असतात. मग अभंगांच्या ध्वनिमुद्रिका एवढ्या यशस्वी का झाल्या? पंडित भीमसेन जोशी यांनी गाइलेले अभंग किंवा श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेली आणि लता मंगेशकर यांनी गाइलेली 'अभंग तुकयाचे' ही ध्वनिमुद्रिका ऐकताना कोणालाही काही हरवल्याची जाणीव होत नाही. आक्षेप मोलाचा आहे, कारण त्याच्या उत्तरातूनच नमनाचे वेगळेपण उमगते. अभंग आपले संबोधन स्वतःबरोबर वागवतो. विठ्ठल पंढरीत उभा असला तरी त्याला हाक कोठूनही मारता येते. शिवाय अभंगाच्या शेवटी रचनाकाराची नाममुद्रा असते. कोण बोलत आहे आणि कोणाशी बोलत आहे, ही दोन्ही टोके संहितेच्या आतच बांधलेली असतात. म्हणून अभंग कीर्तनातून वहीत, वहीतून छापील गाथेत आणि गाथेतून ध्वनिमुद्रिकेत सुखेनैव प्रवास करू शकला. संतकवितेची सारी घडणच अशा प्रवासाला अनुकूल आहे.

कोकणातीलच जाखडीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते. गणेशोत्सवात रंगणाऱ्या जाखडीत शक्तिवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. गीतात गुरुघराण्याचा उल्लेख येतो आणि प्रतिपक्षाला टाकलेला सवाल त्या गीताच्या आतच असतो. त्यामुळे शक्ती-तुऱ्याच्या फिती विनासायास निघाल्या. एका फितीतील सवालाला दुसऱ्या फितीतून उत्तर देता आले आणि बारीचा सामना बाजारातही चालू राहिला. नमनाला अशी नाममुद्रा नाही. त्याची मुद्रा म्हणजे ज्या गावात ते उभे आहे ते गाव. गाव काढून घेतले की नमनाखाली सही करणारा कोणी राहत नाही.

वॉल्टर बेंजामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय नष्ट होते असे १९३६ साली म्हटले. हा सिद्धान्त येथे जसाच्या तसा लावण्याचा मोह टाळला पाहिजे. तेजोवलय अनन्य वस्तूला असते. नमन मुळातच अनन्य नाही. ते दरसाल, दर वाडीत पुन्हा होते. पुनरावृत्ती हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. तेव्हा मुद्रणाने नमनाची पुनरावृत्ती केली ही तक्रार होऊ शकत नाही. तक्रार असावयाची तर ती उलट आहे : मुद्रण खऱ्या अर्थाने पुनरावृत्ती करीतच नाही. ते एकाच खेपेला गोठवते आणि तीच खेप पुन्हा पुन्हा ऐकवते. मोकळी जागा दर खेपेस नव्याने भरण्याची शक्यता त्यात उरत नाही.

तरीही मुद्रणाची दुसरी बाजू नाकारता येत नाही. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या उत्तर भारतावरील अभ्यासात दाखविले की ध्वनिफितीने संगीताचे उत्पादन स्वस्त आणि विकेंद्रित केले आणि ज्यांना मोठ्या कंपन्यांनी विचारले नव्हते अशा प्रादेशिक प्रकारांना वाट करून दिली. कोकणाच्या बाबतीत या निरीक्षणाला वेगळा अर्थ प्राप्त होतो. गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चाकरमान्याच्या दृष्टीने गाव ही अनुपस्थित वस्तू होती. १९८२ च्या संपानंतर ज्यांचे मुंबईतील बस्तानही विसकटले, त्यांच्यासाठी शिमग्याला गावी जाणे ही खर्चाची बाब झाली. अशा श्रोत्याला फितीवरचे नमन हे वंदन नव्हते, वंदनाचे स्मरण होते. परळच्या दामोदर नाट्यगृहात लागलेले नमनाचे प्रयोग हा याच गरजेचा रंगमंचीय आविष्कार होता. स्मरण ही कमी दर्जाची गोष्ट नव्हे. मात्र तिला वंदन समजण्याची गल्लत समीक्षेने करू नये.

४

विजेवर चालणाऱ्या वाद्यांविना केलेले मुद्रण हे अधिक 'अस्सल' असते, असा एक समज आहे. बहुरंगी नमनात कळफलकाची आणि इतर विद्युत्-वाद्यांची भर पडल्यापासून हा समज बळावला आहे. मृदंग, टाळ आणि उघडा आवाज एवढेच ठेवून केलेल्या मुद्रणाला 'मूळ नमन' म्हणून गौरविले जाते. या गौरवात तथ्य आहे, पण ते जेथे शोधले जाते तेथे नाही.

अशोक दा. रानडे यांनी संगीताचे आदिम, लोक, भक्ती, कला, जन इत्यादी कोटींत जे वर्गीकरण केले, त्यात कोटी ठरविताना केवळ ध्वनिसामग्री निर्णायक मानलेली नाही. संगीताचे प्रयोजन, सादरकर्ता आणि श्रोता यांचे परस्परसंबंधही त्यात मोजले आहेत. त्या दृष्टीने पाहिले तर साधनांचे साधेपण ही अस्सलतेची हमी ठरत नाही. बंद खोलीत, ध्वनिक्षेपकापुढे, एकेका वाद्याची पातळी जुळवून केलेले मृदंग-टाळांचे मुद्रण हे संग्राहकाला उद्देशून केलेले गायन असते. याउलट कळफलक घेऊन खळ्यात उभे राहिलेले खेळे ग्रामदेवतेचे नाव घेत असतील तर ते नमनच करीत असतात. असे असले तरी विद्युत्-वाद्यांमुळे एक हानी होते, ती वेगळ्याच ठिकाणी. नमनात पुढील गायकाने टाकलेली ओळ मागचे साथीदार उचलतात. उचलताना ओळ थोडी लांबते, शब्द एकमेकांवर चढतात आणि श्रोत्यांतलेही काही त्यात मिसळतात. या चढाओढीच्या सांध्यातच गाव सहभागी होते. ठरावीक लयीत बांधलेल्या यंत्रसाथीत तो सांधा बुजतो. म्हणजे प्रश्न वीज असण्या-नसण्याचा नाही, प्रतिसादाला जागा ठेवण्याचा आहे.

भाषेच्या अंगाने हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) संगमेश्वरी या बोलीची स्वतंत्र नोंद आहे. नमनात या बोलीचे स्थान दुहेरी आहे. वंदन, गण आणि गवळणीची पदे पोथीच्या मराठीकडे झुकतात. संवाद, थट्टा आणि सोंगांचे बोलणे मात्र बोलीत होते. खळ्यात हे दोन भाषास्तर एकाच रात्रीत, एकाच तोंडून ऐकू येतात. वंदनानंतर तीच माणसे आपल्या भाषेत हसू लागतात, आणि त्या हसण्याने वंदन खोटे ठरत नाही. मुद्रणात मात्र हे स्तर सुटे होतात. भक्तिपर पदांची फीत वेगळी आणि विनोदी बतावणीची वेगळी निघाली की श्रद्धा प्रमाणभाषेत आणि बोली केवळ हास्यात, अशी विभागणी रूढ होते. संगमेश्वरी ही पुष्कळ श्रोत्यांना आज फक्त विनोदाची बोली वाटते, त्यामागे या विभागणीचाही वाटा असावा.

५

नवीकरणाचा मुद्दा आता घेता येईल. शिमगा हा वर्षाच्या अखेरचा सण आहे. जुने जाळावयाचे, शिव्या देऊन ओकून टाकावयाचे, सोंगांतून उलटेपालटे करावयाचे आणि मग रंग शिंपडून पाडव्याच्या नव्या वर्षाला सामोरे जावयाचे, असा त्याचा क्रम आहे. त्यामुळे नमनातील नवीकरण म्हणजे 'पुन्हा पूर्ववत्' होणे. देवतेचे नाव घेतले, मानकऱ्यांना मान मिळाला, पालखी घरोघर गेली, की गाव पुन्हा गाव होते. याला आवर्तनात्मक नवीकरण म्हणावे. महासाथीच्या काळात २०२१ साली शिमगोत्सवावर निर्बंध आले, तेव्हा नमनाची ध्वनिमुद्रणे आणि चित्रमुद्रणे मुबलक उपलब्ध होती. तरी त्यांच्यामुळे शिमगा झाला असे म्हणता येत नाही. देवी दारात यावी लागते. तिच्या येण्याचा आवाज दारात येणे पुरेसे नसते.

पण आवर्तनात एक अडचण आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या यादीने गाव सिद्ध होते, तिच्यातच गावाची उतरंडही सिद्ध होते. मान कोणाचा, पालखी कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या वाडीत ती जाणार आणि कोणाच्या नाही, हे सारे त्या क्रमात गोवलेले असते. 'पुन्हा पूर्ववत्' हे ज्यांना पूर्ववत् नको आहे त्यांच्या दृष्टीने नवीकरण ठरत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातीलच मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी जुन्या ग्रामव्यवस्थेने लादलेली कामे नाकारली, त्यांनी त्या यादीतून स्वतःचे नाव काढून घेतले. हेही नवीकरणच आहे, पण ते विच्छेदात्मक आहे.

या दुसऱ्या नवीकरणाचा ध्वनिरूप पुरावा कोकणाबाहेर सापडतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाने ही सामग्री क्रमशः प्रकाशित केली. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे १९९६ साली मुद्रित झालेल्या दलित स्त्रियांच्या ओव्या आहेत. या ओव्यांत छंद तोच, जात्याची घरघर तीच, पहिली-दुसरी ओवी कोणाला वाहिली हे सांगण्याची यादीची रीतही तीच. बदलला आहे तो संबोध्य. जेथे राम किंवा पंढरीनाथ होता तेथे भीमराव आणि बुद्ध आले आहेत. केवळ आशयसूत्रे शोधणारा अभ्यासक दोन्ही ओव्यांखाली 'श्रद्धा' असे लिहील आणि त्या दोहोंमध्ये घडलेली क्रांती त्याच्या नजरेतून निसटेल. रूप तेच ठेवून ते कोणाला उद्देशून आहे हे बदलणे, ही कृती घोषणेपेक्षा खोल जाते. मोकळी जागा कोणाच्याही नावाने भरता येते हे लोकपरंपरेचे रहस्य त्या बायांना ठाऊक होते, आणि त्यांनी त्याचा आपल्या मुक्तीसाठी उपयोग केला.

या संग्रहाकडून आणखी एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव आणि तालुका यांची नोंद आहे. वाद्यांनी भरलेल्या चकचकीत मुद्रणात जे सापडत नाही ते येथे एका ओळीच्या टिपणाने राखले गेले आहे. गीत जागेवरून उचलले गेले तरी त्याची जागा कोणती होती हे विसरू दिलेले नाही.

६

वरील विवेचनाचे फलित अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने असे मांडता येईल. नमनाचे किंवा तत्सम लोकगीताचे ध्वनिमुद्रण समोर आले असता ते अस्सल आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारू नये. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. यातील नावे कोणाची आहेत, आणि कोणती गाळली आहेत? ओळ उचलणारा कोण आहे, आणि त्याला जागा मिळाली आहे काय? नवीकरण म्हणजे पूर्ववत् होणे की पूर्ववत् नाकारणे? संहिता उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याने यादीचा संक्षेप करू नये. ती कोठे, कोणत्या तिथीला, कोणाच्या खळ्यात म्हटली गेली याची नोंद करावी, आणि त्या यादीत ज्यांना स्थान नाही त्यांचीही विचारपूस करावी.

असे केले तर ध्वनिमुद्रण हे परंपरेचे कलेवरही ठरत नाही आणि तिचा पर्यायही ठरत नाही. ते एका विशिष्ट संबोधनाचे साक्षीपत्र ठरते. साक्षीपत्राचे मोल त्यावरील स्थळ, काळ आणि नाव यांवर अवलंबून असते. मराठीतील लोकसाहित्याच्या संकलनाने दीर्घकाळ शब्द जपले, अलीकडे स्वरही जपले. शब्द आणि स्वर कोणाला वाहिले होते, याची नोंद मात्र बहुधा समासातच राहिली. नमनासारख्या प्रकाराचा अर्थ याच समासात आहे.